चॉपवाल्यांनी रबर कसं निवडायचं: आधी मागं भिंत किती लांब आहे ते मोजा

आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीत संध्याकाळी टेबल टेनिस खेळणाऱ्या ग्रुपमध्ये दोनतीन महिन्यांनी कोणतरी नवीन येतो आणि विचारतो, मला डिफेन्सिव्ह खेळायचंय, बॅटला कुठलं रबर लावू. की लगेच चार जण चार नावं सांगतात, आणि तो बिचारा घरी जाऊन ऑनलाइन सगळ्यात महागडं लाँग पिंपल, म्हणजे लांब दाण्यांचं रबर, ऑर्डर करतो. मी पण असाच बुडालोय, ते खाली सांगतो.

रबराचं नाव विचारायच्या आधी मी उलटा प्रश्न विचारतो, तुम्ही खेळता तिथं टेबलाच्या मागं जागा किती आहे? हसू नका. मोठ्या स्पर्धेत कोर्ट 14 मीटर लांब असतं आणि टेबल 2.74 मीटर, म्हणजे दोन्हीकडं साडेपाच मीटरच्या वर मोकळी जागा. आणि आपल्याकडं कसं, पत्र्याचा हॉल, मागं दोन पावलांवर भिंत नाहीतर कॅरम बोर्ड उभा करून ठेवलेला, त्यात तुम्ही कोरियाच्या जू से-ह्युकसारखं लांबून चॉप, म्हणजे बॅट वरनं खाली आणत बॉल कापून, मारायचं म्हणाल तर कोपर भिंतीवरच बसणार. तो 2003 ला पॅरिसच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये चॉप करत करत फायनलपर्यंत गेला होता, पण त्याला मागं पळायला जागा होती की. तेव्हा जागा नसेल तर टेबलाजवळ ब्लॉक करणारा, म्हणजे बॅट धरून बॉल नुसता अडवणारा डिफेन्स, जागा असेल तर लांबून चॉप, आणि रबर त्याच्यावर ठरतं.

आता लाँग पिंपल नेमकं करतं काय ते समजून घ्या, निम्मे पैसे तिथंच वाचतात. साध्या रबराला, म्हणजे वरनं गुळगुळीत असतं त्याला, बॉलवर पकड असते. लाँग पिंपलचे दाणे लांब आणि बारीक, बॉल लागला की वाकतात आणि बॉल घसरतो, त्यामुळं बॉलचं फिरणं पूर्ण थांबतच नाही. समोरच्यानं टॉपस्पिन, म्हणजे पुढं फिरणारा बॉल मारला, बॉल तसाच फिरत राहिला, फक्त आता उलट्या दिशेनं चाललाय, म्हणजे त्याच्यासाठी तोच बॉल बॅकस्पिन, म्हणजे उलटा फिरणारा झाला. त्यानं जेवढा जोर लावला तेवढाच जड बॅकस्पिन त्याला परत, आणि पुढचा लूप, म्हणजे टॉपस्पिनचा जोरदार फटका, नेटमध्ये. उलट त्यानं जड पुश केला, म्हणजे भरपूर बॅकस्पिन देऊन बॉल ढकलला, आणि तुम्ही पण पिंपलनं पुश केला तर बॉल जातो बिनस्पिनचा नाहीतर हलक्या टॉपस्पिनचा, तो बॅकस्पिन समजून परत पुश करायला जातो आणि बॉल उंच उडतो. खासबागेत जुने पैलवान समोरच्याचाच जोर वापरून त्याला आडवा करतात ना, तसंच.

पण समोरच्यानं जोरच लावला नाही तर?

माझं तेच झालं. मी व्हिडिओ बघून पहिलंच रबर घेतलं ते ओएक्स, म्हणजे खाली स्पंज नसलेलं लाँग पिंपल, आणि ते लावलं जुन्या फास्ट कार्बन बॅटवर, कारण नवीन बॅटला पैसे कोण देणार. पहिला आठवडा नुस्ता धुरळा, ग्रुपमधली तरणी पोरं लूप मारून मारून नेटमध्ये घालत होती. मग आमच्यातले एक रिटायर्ड मास्तर आले, त्यांनी माझ्या बॅकहँडला नुसते मऊ, बिनस्पिनचे बॉल ढकलायला सुरुवात केली आणि माझा प्रत्येक बॉल एकतर उंच नाहीतर टेबलाबाहेर. मास्तर म्हणाले, "अरे, तुझं रबर दुसऱ्याच्या घरचं जेवतंय, मी वाढलंच नाही तर ते काय करणार?" तीन महिने मी त्यांच्याकडनं हरलो.

तर चुका दोन होत्या. एक, कार्बन. डिफेन्सला साधी पाच प्लायची लाकडी, सावकाश बॅट पाहिजे, डिफेन्सिव्ह बॅटचं डोकं पण जरा मोठं असतं. दुसरी चूक स्पंज, आणि दुकानात ह्याबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. ओएक्स टेबलाजवळ ब्लॉक करणाऱ्यांसाठी, त्यात स्पिन सगळ्यात जास्त उलटतो, बॉल कधीकधी हवेत डुलतो पण, मात्र स्वतःहून बॉलला काही द्यायचं म्हणलं तर हाताला काहीच लागत नाही. लांबून चॉप करायचा असेल तर 0.5 पास्नं 1.3 मिलिमीटरपर्यंत स्पंज घ्या, कारण तीन मीटर मागनं बॉल टेबलावर पोचवायला थोडी गादी लागते, चॉप करताना बॉल हाताला जाणवतो पण. स्पंज वाढला की उलटणं कमी होतं आणि कंट्रोल वाढतो, असा सौदा आहे.

नावंच पाहिजेत तर, लांबून चॉपला कर्ल पी1 च्या घराण्यातलं किंवा बटरफ्लायचं फेंट लाँग 3, दोन्ही शहाणी रबरं आहेत. टेबलाजवळ खोड्या करायच्या असतील तर टिबारचं ग्रास डी टेक्स ओएक्समध्ये, पण ते समोरच्याला फसवतं तसं तुम्हाला पण फसवतं, पहिलं रबर म्हणून घेऊ नका. नुसतं बघायचंय पिंपल जमतंय का, तर फ्रेंडशिपचं 755 घ्या, जपानी-जर्मनीपेक्षा कितीतरी स्वस्त, नाही जमलं तर जीव जळत नाही.

आणि एक, फोरहँडला साधंच रबर ठेवा. दोन्हीकडं पिंपल लावून आलेला एक जण आमच्याकडं होता, त्याला सर्व्हिसलाच स्पिन देता येईना. पॉइंट सुरू तुम्हालाच करायचा असतो, तेव्हा एका बाजूला पकड पाहिजेच. सुरुवातीला 1.5 मिलिमीटरचं घ्या. नुसतं चॉप-पुश करायचं असेल तर टॅकीनेस चॉपसारखं चिकट आणि सावकाश, मधनंच उठून मारायचं असेल तर मार्क व्ही नावाचं रबर, आणि पाय लई चालत असतील, फोरहँडनं लूप मारायची खरंच सवय असेल, तरच 2 मिलिमीटरच्या पुढं जा. पावसाळ्यात आपल्या हॉलमध्ये ओल असते, चिकट रबरवर दमटपणा बसला की बॉल सटकतो, गेम झाला की पुसून कव्हरमध्ये घाला.

बॅट हातात फिरवायची सवय पहिल्या दिवसापास्नं लावा, पिंपल बॅकहँडवरनं फोरहँडला आणि परत. मनिका बत्राकडं बघा, बॅकहँडला लाँग पिंपल, 2018 ला गोल्ड कोस्टला कॉमनवेल्थचं सिंगल्स गोल्ड, आणि ती काय मागं उभं राहून वाट बघत बसत नाही, टेबलाजवळ राहून पिंपलनं समोरच्याची लय मोडते आणि चान्स आला की मारते. कोल्हापुरातल्या लहान हॉलला हेच मॉडेल जास्त बसतं असं माझं मत.

अँटी स्पिन म्हणजे वरनं गुळगुळीत पण पकड नसलेलं, मेलेलं रबर. आपल्या ऐहिका मुखर्जीनं 2024 ला बुसानमध्ये अँटी लावूनच तेव्हाच्या जगातल्या नंबर वन, चीनच्या सुन यिंगशाला हरवलं, तेव्हापास्नं आमच्याकडं पण चौकशी वाढलीय. वाईट नाही, पण त्याचा टच वेगळाच आहे, पिंपल सहा महिने खेळून बघा आणि मग तिकडं वळा. शॉर्ट पिंपल डिफेन्सपेक्षा फटकेवाल्यांचं जास्त, सोडून द्या.

स्पर्धा खेळणार असाल तर रबरवर आयटीटीएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा शिक्का आणि ते मान्य यादीत आहे का ते घ्यायच्या आधीच बघा. एक बाजू काळी पाहिजेच, दुसरी लाल, किंवा 2021 पास्नं गुलाबी, जांभळी, हिरवी, निळी पण चालते. पकडच नसलेली पिंपलं 2008 पास्नं बंद आहेत, म्हणून काही हुशार लोक मे महिन्यात पिंपल उन्हात ठेवून गुळगुळीत करतात, ते नियमाबाहेर आहे, तसलं करू नका.

चिकटवताना ओएक्स अजिबात ताणू नका, नुसतं वरनं ठेवा आणि बाटली फिरवा, ताणलं तर नंतर आकसतं आणि कडेला लाकूड उघडं पडतं. साफ करायला मऊ टूथब्रश. रोज खेळत असाल तर अधनंमधनं दाण्यांच्या बुडाशी बोटानं वाकवून बघत जा, चिरा दिसायला लागल्या की नवीन मागवून ठेवा, कारण मधले दोन दाणे गळाले की अंपायर ती बॅट चालवून घेईलच असं नाही, आणि मास्तर तर बरोबर तिथंच बॉल टाकतात.