अरबीत टाइम कसा विचारायचा
कोल्हापुरातनं दुबई, मस्कतला कामाला निघालेल्या पोरांनो, एवढं जायच्या आधी पाठ कराच. किती वाजले म्हणजे 'कम अस्साआ?', पण डायरेक्ट विचारू नका, आधी पुरुषाला 'लौ समहत' आणि बाईला 'लौ समहती', म्हणजे 'जरा प्लीज', असं म्हणा, लई फरक पडतो बघा. कधी म्हणजे 'मता', किती वाजता म्हणजे 'फी अय्यि साआ'.

खरं अवघड आहे उत्तर समजणं, त्याचाच जास्त सराव पाहिजे. पुस्तकी अरबीत एक वाजला की 'अल्वाहिदा', पण दोनपासनं पुढं दुसरा, तिसरा असं मोजतात, म्हणून तीनला 'अस्सालिसा'. बोलताना मात्र साधा आकडाच वापरतात, 'सलासा'. साडे म्हणजे 'वन्निस्फ'. पावणेपाचला आपल्यासारखाच पुढचा तास धरतात, 'अल्खामिसा इल्ला रुबअ'. रोज रंकाळ्यावर फिरताना घड्याळ बघून मोठ्यानं म्हणत जावा.