अंदमानात डायव्हिंग करायचंय? आखणी परतीच्या विमानापासून सुरू करा

बेळगावात अंदमानचं पॅकेज विचारलं की बहुतेक वेळा एकच ठरलेला क्रम पुढे येतो. आधी सेल्युलर जेल, मग आसपासची बेटं, मग हॅवलॉक, आणि निघायच्या आदल्या दिवशी ‘स्कूबा’, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणं. नुसता समुद्र बघणाऱ्याला तो चालेल. पाण्याखाली उतरायचं असेल तर हा क्रम उलटा करायला लागतो, आणि ते एजंटाला तुम्हालाच सांगावं लागतं.

मोसम डिसेंबर ते एप्रिल. आपल्याकडे शाळांना एप्रिलमध्ये सुट्टी लागली की लगेच निघा. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिकडे पाऊस पोहोचतो, तेव्हा ‘मेअखेर स्वस्त पडतं’ हा सल्ला कानाआड करा. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळुरू आणि तिथून श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर. वेळा जुळत नसतील तर रात्रीच्या राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू गाठा. पुढे फेरीने स्वराज द्वीप, ज्याला अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात. मुक्काम तिथेच जास्त ठेवा.

आता दिवसांची मांडणी. मला सर्वांत जड गेलेली पायरी हीच, कारण इथे समुद्र, फेरी आणि विमान या तिघांची वेळ एकदम सांभाळावी लागते.

पाण्याखाली दाब वाढतो. दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो. त्या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो, पण त्याला तासन् तास लागतात. तेवढ्यात विमानात बसलात तर केबिनमधला दाब जवळपास दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका कमी होतो, आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे सुटू शकतात. सांधे ठणकणं, हातापायाला मुंग्या, बधिरपणा, चक्कर, नको तितका थकवा ही त्याची लक्षणं. अशा वेळी ‘झोपलं की बरं वाटेल’ म्हणायचं नाही. ताबडतोब ऑक्सिजन आणि डॉक्टर.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेचा दंडक असा: एकच डायव्ह केली असेल तर विमानाआधी निदान १२ तास, एकाहून जास्त डायव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर निदान १८ तास. मी सरसकट पूर्ण २४ तास धरते आणि त्यात तडजोड करत नाही. एका एजंटाने मला दोन डायव्ह संपायची वेळ दुपारी दोन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं विमान असा कार्यक्रम लिहून दिला होता. म्हणजे सतराच तास. विचारलं तर म्हणाला, ‘ओ मॅडम, सगळेच जातात की.’ सगळे जातात म्हणून शरीराचा हिशोब बदलत नाही.

म्हणून कागद घ्या आणि तळापासून वर लिहा. सर्वांत खाली परतीचं विमान. त्याच्या वरचा अख्खा दिवस श्रीविजयपुरममध्ये: सेल्युलर जेल, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. सावरकरांची कोठडी घाईत बघण्यासारखी जागा नाही, तिला हा निवांत दिवस शोभतो. त्याच्या वर फेरीने परतणं. त्याच्या वर हॅवलॉकचाच राधानगर किनारा किंवा शहीद द्वीप, म्हणजे जुनं नील बेट. आणि सगळ्यांत वर, हॅवलॉकला पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळपासून डायव्हिंग. याचा आणखी एक फायदा आहे. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, डायव्हही रद्द होते. डायव्ह आधी ठेवली तर पुढे सरकवायला जागा उरते. शेवटी ठेवली तर ती गेलीच, वर विमान चुकायची धास्ती. तिकडे सूर्य फार लवकर उगवतो आणि मावळतोही लवकर, म्हणून सकाळची पहिलीच बोट मागा.

डायव्हचे पैसे पॅकेजमध्ये भरू नका. तिथे जाऊन केंद्र बघा. आरोग्याचा फॉर्म भरून घेत नसतील, दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांबद्दल विचारत नसतील तर उठून बाहेर पडा. बोटीवर ऑक्सिजन आहे का आणि पहिल्यांदा उतरणाऱ्याला स्वतंत्र प्रशिक्षक मिळतो का, हे दोन प्रश्न पुरेत. व्हिडिओ फुकट मिळतो की नाही यावर केंद्र निवडू नये. पहिल्या डायव्हला पोहता यायलाच पाहिजे असं नाही. प्रमाणपत्राच्या कोर्सला मात्र पोहणं लागतं आणि तीन-चार दिवस जातात.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना एक गोष्ट बजावून सांगते. बुडी मारली की श्वास कोंडायची आपली सवय असते. स्कूबात श्वास कधीही कोंडायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही, कारण दाब कमी होताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. कान दुखायच्या आधीच, दर हातभर खोलीला, नाक दाबून हलकेच फुंकायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नका, गोळी घेऊनही नको.

दारू आदल्या रात्रीपासून बंद. रोख पैसे सोबत ठेवा. मगरीची पाटी असेल तिथे पाण्यात पाय घालू नका. प्रवाळाचा वाळलेला तुकडासुद्धा पिशवीत घालू नका, तो वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे.

आणि अंदमानाआधी जवळच मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाला, मालवणला किंवा गोव्याला हात साफ करून घेणाऱ्यांसाठी: तुम्हाला विमान नाही, पण घाट आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे, आणि विमानाआधीच्या तासांचा तो दंडक सहाशे मीटरच्या वर जाणाऱ्या सगळ्यांनाच लागू होतो, मग गाडी असो की विमान. सकाळी डायव्ह करून त्याच संध्याकाळी चोर्ला, आंबोली किंवा आरबैल चढून घरी येणं चूक आहे. शनिवारी डायव्ह करा, रात्री मुरुडेश्वरला किंवा किनाऱ्यावरच कुठे राहा, रविवारी दुपारी जेवून गाडी काढा.