पद कुठे हवं, ते आधी ठरवा

मी नाटक लिहिते, आमचा संगीतकार पेटीवर बसतो. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांवरचं नाटक करताना मी आधी सगळी पदं, म्हणजे नाटकातली गाणी, लिहून त्याच्या हाती दिली. तिथेच चुकलं. आता आधी प्रवेश लिहिते, मोठ्याने वाचते, तो मोबाइलवर रेकॉर्ड करतो. बोलणं जिथे पुरत नाही, तिथेच पद.

मग दोघांनी मिळून ठरवायचं: सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोणत्या शब्दावर? अर्थाचा शब्द समेवर आला की प्रेक्षकाला गोष्ट कळते. लांब स्वर हवा तिथे शब्द आ, ई, ओ अशा मोकळ्या स्वरावर संपवा. माझ्या ओळीच्या शेवटी ‘थांब’ होतं. ‘ब’वर ओठ मिटतात, आलाप घेणार कसा? ‘थांब ना’ केलं आणि गाणारीचा गळा मोकळा झाला.

कधी चाल आधी येते. तेव्हा मात्रा मोजून ‘ताना नाना’ असे कच्चे शब्द भरा, अर्थ नंतर. १९११च्या ‘संगीत मानापमान’मध्ये पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, श्रेय दोघांचं. तुम्हीही नावं आणि मानधन पहिल्याच बैठकीत कागदावर घ्या.

तालमीत पद लांबलं तर कापायचं. आधी माझं कडवं, मग त्याची तान.