लेपर्ड गेकोची जोडी लावायची वेळ झाली का, हे कसं ओळखावं

घरात लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांच्या पाळीव पाली आहेत : नर आहे, मादी आहे, दोघं वर्षाची झालीत, आणि एके दिवशी मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन गुलाबीसर गोळे दिसतात. बहुतेक जण इथेच जोडी लावून मोकळे होतात. पण ते गोळे म्हणजे अंडाशयात वाढणारी बीजं. नर आसपास नसला तरी ती तयार होतात, आणि नऊ-दहा महिन्यांच्या हडकुळ्या मादीतही होतात. मादीत बीजं धरली, एवढंच त्यावरून कळतं. अंडी घालून तिची तब्येत टिकेल का, ते मात्र त्यावरून कळत नाही.

जरा हिशेब करा. मादी एका खेपेला सहसा २ अंडी घालते आणि एका हंगामात ४ ते ८ खेपा होऊ शकतात. एक अंडं साधारण ३ ग्रॅमचं. आठ खेपा झाल्या तर १६ अंडी, म्हणजे ५० ग्रॅमच्या मादीने काही महिन्यांत जवळपास स्वतःच्या वजनाइतकी अंडी बाहेर टाकली. ही सगळी चरबी आणि कॅल्शियम तिच्या अंगातूनच जातं. म्हणून जोडी लावण्याआधी खालच्या पायऱ्या क्रमाने तपासा. एकीतही ती कमी पडली तर त्या वर्षी थांबा. हा प्राणी नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो, एक हंगाम हुकल्याने काही बिघडत नाही.

पायरी १ : नर-मादीची खात्री

विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. गेकोला पारदर्शक डब्यात ठेवा आणि खालून बघा, उलटं धरायची गरज नाही. मागच्या पायांच्या मधे, शेपटीच्या मुळाजवळच्या आडव्या चिरेच्या वर, नराला उलट्या व्ही आकारात ठळक छिद्रांची रांग असते. मोठ्या नराच्या छिद्रांत मेणासारखा स्राव दिसतो, आणि चिरेखाली दोन फुगवटे असतात. मादीची छिद्रं अगदी पुसट असतात, फुगवटे नसतात. पिल्लू पाच-सहा महिन्यांचं होईपर्यंत हा फरक फसवतो. शंका असताना दोघांना एकत्र सोडणं धोक्याचं, कारण दोन नर रक्त निघेपर्यंत भांडतात.

पायरी २ : वय, पण फक्त किमान अट म्हणून

नर वर्षाचा आणि अंगाने भरलेला असेल तर चालतो, त्याच्या शरीरावर फारसा बोजा पडत नाही. मादीचं मात्र किमान एक वर्ष पुरं व्हायलाच हवं, आणि माझ्या मते दीड वर्ष थांबणं चांगलं. वर्षाच्या आतल्या मादीची हाडं अजून वाढत असतात. त्याच कॅल्शियमवर अंड्याचं कवचही हक्क सांगू लागलं, तर दोन्हीकडे तुटवडा पडतो.

पायरी ३ : वजनकाटा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. गेको छोट्या डब्यात ठेवा, डब्याचं वजन वजा करा, तारीख घालून वहीत लिहा. दर आठवड्याला, खायला देण्याआधी.

मादी निदान ५० ग्रॅमची असावी. चणीने बारीक असलेल्या मादीला ४५ ग्रॅमपर्यंत सवलत देता येईल, त्याखाली नाही. ‘जायंट’ वंशातल्या मादीला हा आकडा लावू नका. पूर्ण वाढीला ८० ग्रॅम होणारी मादी ५० ग्रॅमवर अजून पोरच असते.

खरी गोष्ट एका दिवसाच्या आकड्यात नसून तीन महिन्यांच्या नोंदीत असते. वजन स्थिर आहे किंवा सावकाश वाढतंय, तर ठीक. दर आठवड्याला दोन ग्रॅम वर, तीन ग्रॅम खाली असं चाललं असेल, तर आधी त्याचं कारण शोधा. शेपटीही बघा. गेकोचा चरबीचा साठा शेपटीत असतो, आणि ती निदान मानेइतकी जाड दिसली पाहिजे. उलट टोकही वाईटच : बगलेत मोठे फुगे, पोट जमिनीला घासतंय, अशी मादी तयार नसते, लठ्ठ असते. तिला आधी आहारावर आणा.

पायरी ४ : हाडं आणि कॅल्शियम

चालताना मादी पोट जमिनीपासून उचलते का? पाय सरळ आहेत का? जबडा मऊ किंवा वाकडा वाटतो का? बोटांना, पायांना थरथर येते का? यातलं काहीही खटकलं तर जोडीचा विषय बंद आणि पशुवैद्याकडे जाणं सुरू. सगळं ठीक असेल तरी जोडी लावण्याच्या दोन महिने आधीपासून साध्या कॅल्शियम पावडरची छोटी वाटी कायम ठेवा, आणि खायला द्यायच्या किड्यांना व्हिटॅमिन डी-३ असलेली पावडर ठराविक दिवशीच लावा. डी-३ जास्त झालं तर तेही बाधतं. पोटाखालची गरम जागा ३१ ते ३३ अंश सेल्सिअस असावी. ती गार असेल तर खाल्लेलं नीट पचत नाही.

पायरी ५ : आजार

नवीन आणलेला गेको तीन महिने वेगळा ठेवा. वेगळं घर, वेगळा चिमटा, वेगळं पाण्याचं भांडं. या काळात विष्ठेची तपासणी करून घ्या. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी आतड्यात असला तर गेको खातं, तरी वाळत जातं आणि शेपटी काडीसारखी होते. त्यावर खात्रीचा इलाज नाही. जोडी लावताना तो एकातून दुसऱ्यात जाणार हे उघड आहे.

पायरी ६ : वंश

रंग सुंदर म्हणून जोडी लावणं हा या छंदातला जुना दोष. ‘एनिग्मा’ रंगाच्या गेकोंमध्ये मान वाकडी होणं, गोल गोल फिरणं, किडा पकडताना नेम चुकणं असे मज्जासंस्थेचे त्रास दिसतात. ‘लेमन फ्रॉस्ट’ रंगाबरोबर त्वचेच्या रंगपेशींच्या गाठी येतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा संबंध स्पिंट-१ या जनुकाशी जोडला. या दोन्ही रंगांची जोडी लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. सख्खी भावंडंही टाळा. अल्बिनोचे तीन वेगळे वंश आहेत : ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर. वेगवेगळ्या वंशांचे दोन अल्बिनो एकत्र आले तर पिल्लं साध्या रंगाची दिसतात, पण पोटात दोन्ही गुण घेऊन फिरतात आणि पुढच्या माणसाला गोंधळात टाकतात.

पायरी ७ : ऋतू

अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताचा खडकाळ, कोरडा प्रदेश हे या प्राण्याचं मूळ घर. तिथे हिवाळा चांगलाच बोचतो. म्हणून काही पाळणारे सहा-आठ आठवडे तापमान आणि उजेडाचे तास कमी करतात, आणि पुन्हा वाढवल्यावर जोडी लावतात. हे आवश्यक नाही. करायचंच असेल तर आधी पोट पूर्ण रिकामं होऊ द्या, कारण गारव्यात पचन थांबतं आणि पोटातलं अन्न सडतं. रोडावलेल्या गेकोवर हा प्रयोग नकोच.

पायरी ८ : अंड्यांची सोय आधी

अंडी उबवायची पेटी विकत घ्या वा घरी करा, पण थर्मोस्टॅट लावून निदान आठवडाभर रिकामी चालवून बघा. लेपर्ड गेकोचं लिंग अंडं उबवण्याच्या तापमानावर ठरतं : २६ ते २८ अंशांना बहुतेक माद्या, ३२-३३ अंशांना बहुतेक नर, मधे मिश्र. पेटी दोन-तीन अंशांनी हलत असेल तर तुम्ही ठरवलेलं काहीच निघणार नाही. मादीच्या घरात ओलसर मॉस (शेवाळ) भरलेला, वर भोक पाडलेला डबाही हवा. अंडी उचलताना फिरवायची नाहीत, वरची बाजू वरच ठेवायची, त्यासाठी पेन्सिलीने खूण करा. पिल्लं किती आणि कुठे ठेवणार तेही आत्ताच ठरवा, कारण प्रत्येकाला वेगळा डबा लागतो.

पायरी ९ : आता ते गुलाबी गोळे

वरचं सगळं जमलं असेल, तरच पोटातल्या गोळ्यांकडे बघा. या दिवसांत मादी आठवडा-दोन आठवडे कमी खाते, अस्वस्थ फिरते. ते चालतं. तिला नराच्या घरात ठेवा आणि समोरून हलू नका. नराची शेपटी थरथरून खुळखुळ्यासारखा आवाज येतो, तो तिची मान तोंडात धरतो. हे नेहमीचंच. ती उलटून चावायला लागली, किंवा पळून कोपऱ्यात दडली, तर लगेच बाहेर काढा आणि काही दिवसांनी पुन्हा बघा. काम झालं की वेगळं करायचंच, रात्रभर एकत्र सोडू नये.

आता सगळ्यांच्या नजरेतून निसटणारी बाब. मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते. एकदा जोडी लागली की नर दूर केला तरी ती पुढच्या खेपांना फलित अंडी घालत राहू शकते. मध्येच थांबवायची सोय नाही. पहिली खेप तीन-चार आठवड्यांत येते. त्यानंतर दर आठवड्याच्या नोंदीत वजन परत चढतंय का ते बघा, किडे वाढवा, वाटीतली कॅल्शियम पावडर संपू देऊ नका. आणि मादी दोन दिवस डबा उकरतेय, पोट फुगलंय, तरी अंडं येत नाही, असं दिसलं तर घरगुती उपाय न करता तिला सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. त्या डॉक्टरांचा नंबर जोडी लावण्याच्या दिवसाआधीच तुमच्या फोनमध्ये असावा.