बाईकचा प्रकार निवडताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर्षातून एकदा होणाऱ्या ट्रिपसाठी बाईक घ्यायची आणि बाकीचे सगळे दिवस तीच ट्रॅफिकमध्ये रेटायची. आधी मागच्या महिन्यात गाडी नक्की कुठे कुठे चालवली ते आठवा, मग बाईकचे फोटो बघा.

स्पोर्ट्स बाईकचं हँडल खाली आणि फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) मागे, वर असतात त्यामुळे अंगाचा भार मनगटांवर येतो, हायवेला स्पीडमध्ये समोरचा वारा छातीला आधार देतो म्हणून तिथे एवढं जाणवत नाही पण सिग्नलला थांबत थांबत जाताना तो आधारच नसतो आणि हात ठणकायला लागतात. घेऊन बसला असाल तर गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, कोपर सैल ठेवा, खरंच फरक पडतो.

क्रूझर (सीट खाली, पाय पुढे अशी लांब बाईक) म्हणजे आराम, हे अर्धंच खरं आहे. सीट साधारण 700 मिमीवर, पाय सहज टेकतात, सरळ गुळगुळीत रस्त्याला मजा येते. पण पाय पुढे असले की खड्ड्यात पेगवर उभं राहता येत नाही, मागचं सस्पेन्शनही कमी दबतं, मग दणका थेट कमरेत. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, लांब असल्यामुळे यू-टर्नलाही जास्त जागा लागते.

अॅडव्हेंचर बाईकबाबत (कच्च्या रस्त्यावरही चालणारी उंच बाईक) मात्र लोक जास्तच फसतात असं मला वाटतं. 21 इंची पुढचं चाक दगडमातीसाठी असतं, डांबरी वळणांवर 17 इंची चाकाची गाडी पटकन वळते, तुमचं बहुतेक रायडिंग डांबरावरच असेल तर 17 किंवा 19 इंची बघा. सीट 850 मिमीच्या आसपास, टाकी फुल असली की वजनही वर, आणि उतारावर थांबताना पाय नीट टेकला नाही तर गाडी सरळ आडवी. उंची कमी पडत असेल तर आधी लो सीट लावून बघा, लगेच लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली आणणारा पार्ट) टाकू नका कारण त्याने ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं जमिनीपासूनचं अंतर) कमी होतो आणि साइड स्टँड लांब पडल्यामुळे गाडी नीट कलत नाही, धक्क्याने पडू शकते.

शहर आणि थोडा हायवे असं मिक्स असेल तर नेकेड (पुढे वारा अडवणारं कव्हर नसलेली बाईक) घ्या, फक्त ताशी 100 किमीच्या वर वारा छातीवर बसतो, छोटं विंडस्क्रीन लावून घ्या.

शोरूममध्ये दोन मिनिटं बसून काही कळत नाही. टेस्ट राइडला निदान वीस मिनिटं मागा, त्यात एकदा हळू स्पीडला यू-टर्न घ्या, एकदा इंजिन बंद करून गाडी मागे ढकलून बघा, आणि रोज मागे कोणी बसणार असेल तर त्यांनाही सोबत न्या.