कॉलरच्या डेटावरून अधिवास-निवडीचं मॉडेल: या चुका टाळा

प्राण्याच्या गळ्यातल्या जीपीएस कॉलरच्या नोंदींवरून तो कुठली जागा पसंत करतो हे सांगणाऱ्या मॉडेलचे आकडे विचित्र आले की बहुतेक जण कोड उसवत बसतात. चूक बहुधा त्याआधीच झालेली असते: ‘उपलब्ध’ बिंदू कुठून उचलले, तिथे.

प्राणी जिथे नोंदला गेला तो १ आणि आपण टाकलेला रँडम बिंदू ०. या शून्याचा अर्थ ‘प्राणी इथे नव्हता’ असा नाही. ‘इथे तो जाऊ शकला असता’ एवढाच. शून्यं दुप्पट केली की इंटरसेप्ट, म्हणजे मॉडेलची मूळ पातळी, बदलतो. म्हणून नकाशाखाली ‘वापराची शक्यता ०.७’ असं लिहू नका. सांगता येते ती फक्त सापेक्ष निवड.

बिंदू टाकायचं क्षेत्र बदललं की प्रश्नच बदलतो. समजा, बिबट्याची होम रेंज, म्हणजे नेहमीच्या वावराचा परिसर, ओढ्याच्या काठाकाठाने पसरली आहे. रँडम बिंदू त्या रेंजमध्येच टाकले, तर तेही सगळे पाण्याजवळच पडणार आणि ‘पाण्यापासूनचं अंतर’ याचा गुणांक (त्या घटकाच्या परिणामाचा आकडा) शून्याच्या आसपास येणार. यावरून ‘बिबट्याला पाण्याचं काही नाही’ असा निष्कर्ष काढला, तर फसलात. पाण्याची निवड त्याने रेंज ठरवतानाच केली होती. निवडीचे हे स्तर (आधी रेंज, मग रेंजमधली जागा) संशोधक जॉन्सन यांनी १९८० मध्येच मांडले होते, तरी पेपरांमध्ये ते अजून सर्रास मिसळलेले दिसतात.

दुसरी खोड पी-व्हॅल्यूवर, म्हणजे निकाल योगायोगाचा नसावा असं सुचवणाऱ्या छोट्या आकड्यावर, भाळण्याची. दर तासाला मिळालेले हजारो फिक्स (जागेच्या नोंदी) म्हणजे हजारो स्वतंत्र पुरावे नव्हेत. खरा नमुना म्हणजे प्राणी. प्रत्येक प्राण्याला फक्त वेगळा इंटरसेप्ट देऊन भागत नाही, स्लोपही (घटकाचा परिणाम) वेगळा द्या. क्रॉस-व्हॅलिडेशनमध्येही (बाजूला ठेवलेल्या डेटावर मॉडेल तपासताना) सुट्या ओळी नाही, अख्खे प्राणी बाजूला काढा.

स्टेप-सिलेक्शनकडे, म्हणजे एका फिक्सपासून पुढच्या फिक्सपर्यंतच्या हालचालीची (स्टेपची) निवड तपासणाऱ्या पद्धतीकडे वळलात, तर फिक्समधलं वेळेचं अंतर आधी सारखं करा. एक फिक्स चुकला की दोन तासांची स्टेप एका तासाच्या रांगेत जाऊन बसते. स्टेपची लांबी आणि वळणाचा कोन मॉडेलमध्येही घ्या. लांबी अंशांत मोजू नका: ६० अक्षांशावर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्या जेमतेम निम्मा भरतो. निशाचर प्राणी भरदुपारी भटकताना दिसला, तर आधी घड्याळ बघा. कॉलर बहुधा स्थानिक नव्हे, तर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ नोंदवते.

आणि एखाद्याच गुणांकाची स्टँडर्ड एरर (अनिश्चितता) अवाढव्य आली, तर त्या वर्गात (समजा, एखाद्या प्रकारच्या जमिनीत) बहुधा एकही १ नसेल. आधी साधा तक्ता काढून मोजा, मग वर्ग एकत्र करा.