क्वांटम डॉटवर काम सुरू करताय? स्पिनच्या आधी इलेक्ट्रॉनचं तापमान बघा

एम.एस्सी. करून क्वांटम डॉटच्या (अर्धवाहकात मोजके इलेक्ट्रॉन कोंडणाऱ्या सूक्ष्म बेटाच्या) लॅबमध्ये आलेल्याला इलेक्ट्रॉनचा स्पिन मोजायची घाई असते. सुरुवातीचे आठवडे मात्र वायरिंग, फिल्टर आणि ग्राउंडमध्ये जातात. ते तसेच जाऊ द्यावेत.

कारण साधं आहे. गॅलियम आर्सेनाइडच्या डॉटची चार्जिंग ऊर्जा (एक जादा इलेक्ट्रॉन आत घालायला लागणारी) साधारण १ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणून कूलॉम्ब ब्लॉकेडची शिखरं (गेटचा, म्हणजे डॉटजवळच्या नियंत्रक इलेक्ट्रोडचा, व्होल्टेज बदलताना एकेका इलेक्ट्रॉनगणिक उमटणारी प्रवाहाची शिखरं) ४.२ केल्विनलाही पुसट दिसू शकतात. स्पिनचं तसं नाही. तिथला जी-फॅक्टर −०.४४, १ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात झीमन फट (दोन उलट स्पिनच्या पातळ्यांमधलं अंतर) जेमतेम २५ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट. १०० मिलीकेल्विनला औष्णिक ऊर्जा ८.६ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तेव्हा कुठे ती फट सुटी दिसते.

डायल्यूशन फ्रिजच्या डिस्प्लेवर २० मिलीकेल्विन दिसतात, ते मिक्सिंग चेंबरचे, म्हणजे फ्रिजच्या सर्वात थंड भागाचे. इलेक्ट्रॉनचं तापमान शिखराच्या रुंदीवरून काढायचं. टनेल कपलिंग (डॉट आणि बाहेरच्या संपर्कांमधली इलेक्ट्रॉनची ये-जा) कमी ठेवून एकाच पातळीतून वहन होत असेल, तर अर्ध्या उंचीवरची रुंदी औष्णिक ऊर्जेच्या ३.५ पट येते. लीव्हर आर्म (गेटच्या व्होल्टेजपैकी डॉटपर्यंत पोचणारा वाटा) ०.१ असेल तर १०० मिलीकेल्विनला गेटवर ०.३ मिलीव्होल्ट. लीव्हर आर्म कूलॉम्ब डायमंडमधून (बायस आणि गेट व्होल्टेजच्या आलेखात दिसणाऱ्या प्रवाहबंद चौकटींमधून) आधी मोजून घ्या. लॉक-इनचं (ठरावीक फ्रिक्वेन्सीचाच सिग्नल मोजणाऱ्या अँप्लिफायरचं) एक्सायटेशन ३ ते ५ मायक्रोव्होल्टच्या वर नको, नाहीतर शिखर तुम्हीच रुंद करता. फ्रिक्वेन्सी १७ हर्ट्झसारखी घ्या. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी टाळा. फ्रिज थंड होतोय पण रुंदी हलत नाही, असं झालं तर बहुधा वायरमधून रेडिओ-फ्रिक्वेन्सी नॉइज उतरतोय किंवा ग्राउंड लूप आहे. प्रत्येक लाइनवर आरसी फिल्टर लावा, पंपाचं आणि मोजमापाचं ग्राउंड वेगळं करा.

वायर-बाँडिंग करताना सगळे गेट शॉर्ट ठेवा, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात स्थिर विजेचा एक झटका गेट उडवायला पुरतो. थंड झाल्यावर एकेका गेटची गळती आणि पिंच-ऑफ (गेटने प्रवाह पूर्ण बंद होतो का ते) तपासूनच डॉट घडवायला घ्या.

मग स्पिन. डबल डॉटमध्ये (१,१) ते (०,२) संक्रमणाला (आकडे म्हणजे दोन डॉटमधले इलेक्ट्रॉन) दोन्ही स्पिन एकाच दिशेचे असले की एका दिशेने प्रवाह अडतो, तो पाउली स्पिन ब्लॉकेड. बायस उलटा केल्यावर प्रवाह वाहायला हवा. तो दोन्हीकडे अडला तर ते फक्त कमकुवत कपलिंग. शून्य क्षेत्राजवळ थोडा प्रवाह गळतो, तो केंद्रकांच्या काही मिलीटेस्ला क्षेत्रामुळे. क्षेत्र वाढवा, गळती घटली पाहिजे. सिलिकॉनमध्ये ब्लॉकेड मुळीच दिसत नसेल, तर व्हॅली स्प्लिटिंग (सिलिकॉनच्या जवळजवळ सारख्या ऊर्जेच्या दोन इलेक्ट्रॉन पातळ्यांमधलं अंतर) फार लहान आहे का ते आधी बघा.